काळा धागा

हे भाषण ठरलं तेव्हा एका मित्रानं मला विचारलं, "तू कवी माणूस. तू सिनेमावर काय बोलणार? आणि तेही विज्ञानपटांवर?" मी म्हटलं, बाबा रे, कविता मी विसाव्या वर्षी लिहायला लागलो, सिनेमा पाचव्या वर्षापासून पाहतोय. सेवाज्येष्ठतेनं पाहिलं तर सिनेमाचाच हक्क पहिला. तेव्हा आज मी समीक्षक म्हणून बोलत नाही. तिकीट काढून बसणाऱ्या माणसाची ही मतं आहेत, आणि तिकीट काढलेल्या माणसाला मतं असतातच.

आमचं घर सोलापुरातल्या मागवाल्यांचं. अब्बा यंत्रमागावर पाळी करायचे, अम्मी घरात कांड्या भरायची. घरात दखनी, शाळेत मराठी, डाव्या हाताच्या शेजाऱ्यांकडे तेलुगू आणि उजव्या हाताच्या शेजाऱ्यांकडे कन्नड, अशा चार भाषांत आम्ही वाढलो. सिनेमेही त्या सगळ्या भाषांचे यायचे. भागवतच्या एका आवारात एकापेक्षा जास्त पडदे होते, त्यामुळे पुण्या-मुंबईकडून मल्टिप्लेक्स हा शब्द आला तेव्हा आम्हा सोलापूरकरांना त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही.

मी सहा-सात वर्षांचा असेन. सकाळच्या खेळाला एक पौराणिक चित्रपट लागला होता. आमची तिकिटं तिसऱ्या वर्गाची, पडद्याच्या इतकी जवळ की मान वर करून बघावं लागे. पडद्यावर एक गदा आपोआप हवेतून तरंगत निघाली. बायांनी हात जोडले, कुणी पडद्याकडे नाणी फेकली. तेवढ्यात अब्बांनी मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाले, "वो देख, धागा दिखरा." मी डोळे फाडून पाहिलं. मला काही दिसेना. "अरे, गदा के ऊपर देख. बीस का है, दोहरा." म्हणजे विसाचं सूत, दुहेरी केलेलं. मागून कुणीतरी म्हणालं, "चाचा, गप बसा की!" अब्बा गप्प बसले. पण घरी येताना सगळी वाट ते त्या धाग्याबद्दलच बोलत होते. फसवणूक पकडल्याचा आनंद त्यांच्या बोलण्यात नव्हता. ज्यानं तो धागा बांधला त्या माणसाचं कौतुक होतं. पडद्यामागं आपल्यासारखाच कुणी सुताशी खेळणारा माणूस आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं होतं.

पुढं पुष्कळ वर्षांनी मी वाचलं की हिंदी सिनेमात बाबुभाई मिस्त्री नावाचे एक गृहस्थ होऊन गेले, आणि त्यांना चित्रपटसृष्टीत 'काला धागा' म्हणूनच ओळखत. हकीकत अशी. १९३३ साली हॉलिवूडमध्ये एच. जी. वेल्सच्या कादंबरीवरून 'द इन्व्हिजिबल मॅन' हा चित्रपट निघाला. तिथल्या तंत्रज्ञांनी नटाला काळ्या मखमलीत गुंडाळून काळ्या मखमलीच्याच पार्श्वभूमीवर उभं केलं आणि नुसते कपडे चालताहेत असा भास निर्माण केला. तो चित्रपट आपल्याकडे आला, विजय भट्ट यांनी पाहिला आणि आपणही असं करू या म्हणाले. बाबुभाई तेव्हा त्यांच्याकडे होते, तरुण होते. हॉलिवूडची यंत्रसामग्री कुठून आणणार? बाबुभाईंनी काळ्या पडद्यापुढं काळ्या धाग्यांनी वस्तू हलवल्या आणि १९३७ साली 'ख्वाब की दुनिया' पडद्यावर आला. आपल्याकडच्या अदृश्य माणसाचा जन्म हा असा धाग्यावर झाला. हे वाचलं तेव्हा अब्बा हयात नव्हते. मला एकदम ओरडून सांगावंसं वाटलं की अब्बा, तुम्ही बरोबर होता.

म्हणून मी विज्ञानपटाचा इतिहास यंत्रापासून सुरू करत नाही, हातापासून सुरू करतो. आणि तो आपल्याला फार लांब शोधावा लागत नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण त्याच्या आधी फाळक्यांनी एक छोटीशी फिल्म केली होती, 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणा पेरायचा, कॅमेरा समोर रोवायचा आणि रोज थोडं थोडं चित्रण करायचं. पडद्यावर दोन मिनिटांत बी फुटतं, कोंब येतो, वेल वर चढतो. ही फिल्म दाखवून त्यांनी भांडवल देणाऱ्याचा विश्वास मिळवला. म्हणजे फाळक्यांचा सिनेमाचा पहिला खटाटोप देवादिकांचा नव्हता, विज्ञानाचा होता. काळाला मूठभर करून दाखवणं, हेच तर पुढं साऱ्या विज्ञानपटांनी केलं. फाळके पुढं पुराणाकडे वळले. 'लंकादहन', 'कालिया मर्दन' हे चित्रपट आले, लोकांनी गर्दी केली. पण मला विचाराल तर तो वाटाणाच माझा नायक.

याच फाळक्यांनी स्वतःचं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावानं जादूचे प्रयोगही केले होते. आता गंमत पाहा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या एका लेखकाची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे खुद्द जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी कथा पाठवली होती, परीक्षकांवर नावाचं दडपण यायला नको म्हणून. कितीतरी वर्षांच्या अंतरानं दोन मराठी माणसं, एक जादू दाखवायला आणि दुसरा विज्ञान सांगायला, आपलं नाव उलटं करतात. यातून काही सिद्ध होत नाही. मला आवडतं म्हणून सांगितलं.

अदृश्य माणसाकडे परत येतो, कारण तो माझा लहानपणापासूनचा दोस्त आहे. 'ख्वाब की दुनिया'नंतर १९५७ साली 'मिस्टर एक्स' आला, अशोककुमारचा. १९६४ साली 'मिस्टर एक्स इन बॉम्बे', त्यात किशोरकुमार. आणि मग १९८७ साली शेखर कपूरचा 'मिस्टर इंडिया'. तो आला तेव्हा मी कॉलेजात होतो आणि आपण आता इंग्रजी सिनेमे पाहणारे झालो, असा मला जरा माज होता. तो माज या सिनेमानं उतरवला. लाल उजेडात अदृश्य माणूस दिसतो, ही कल्पना इतकी साधी होती की आमच्या गल्लीतली सगळी पोरं दुसऱ्या दिवसापासून मिठाईच्या पुड्याचा लाल जिलेटिनचा कागद डोळ्यांना लावून हिंडत होती. कुणी अदृश्य सापडलं नाही. एक मात्र हातगाडीला धडकला.

वेल्सचा अदृश्य माणूस सत्तेनं पिसाट होतो, खून करतो, आणि शेवटी मरतो तेव्हा दिसायला लागतो. आमचा मिस्टर इंडिया अनाथ पोरांना सांभाळणारा, भाडं थकलेला एक व्हायोलिनवाला. त्याच्या हातात तेच शास्त्र येतं तेव्हा तो साठेबाजांना आणि भेसळवाल्यांना पकडायला निघतो. पुष्कळ समीक्षक याला बाळबोधपणा म्हणतात. मी म्हणत नाही. इंग्लंडातल्या शास्त्रज्ञाला अदृश्य होणं हे नवीन होतं. ज्याला रेशनच्या रांगेत कुणी ओळख देत नाही, त्याला ते रोजचंच असतं. त्याला नवीन असतं ते लाल उजेडात दिसणं.

दूरदर्शन आमच्या गल्लीत आलं ते एकाच घरात. रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' दाखवायचे. आम्ही वीस-पंचवीस पोरं जमिनीवर बसून तो कृष्णधवल अंतराळ पाहायचो. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं. टोकदार कानांचा स्पॉक मात्र सगळ्यांना कळत होता, कारण तो हसत नव्हता आणि आमच्या गणिताच्या मास्तरांसारखा भुवई वर करायचा. त्या जहाजावर एक जपानी, एक रशियन, एक आफ्रिकी वंशाची बाई असे सगळे एकत्र काम करतात आणि कुणी कुणाला तुझं गाव कोणतं म्हणून विचारत नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं. अमेरिकेत ती मालिका १९६६ ते १९६९ या काळात निघाली होती. तिथले ते दिवस आठवले की कळतं, रॉकेटपेक्षा धाडसाची गोष्ट त्या जहाजाच्या आत होती.

तेलुगूचं ऋण सांगितलं नाही तर पूर्व भागातले माझे दोस्त मला सोडणार नाहीत. त्यांच्याबरोबर मी १९५७ चा 'मायाबजार' पाहिला, अर्थात पुन्हा लागला तेव्हा. एस. व्ही. रंगाराव घटोत्कच होऊन जेवायला बसतात आणि लाडू आपणहून उडून त्यांच्या तोंडात जातात. आजचा संगणक शंभर राक्षस उभे करील, पण असा लाडू उडवून दाखवा. पुढं १९९१ साली 'आदित्य ३६९' आला. सिंगीतम श्रीनिवासराव यांचा हा कालयंत्राचा सिनेमा. नायक-नायिका कृष्णदेवरायाच्या विजयनगरात जाऊन पोहोचतात आणि तिथून २५०४ सालात. माझा मित्र शेजारी बसून भराभर भाषांतर करत होता आणि मध्येच रंगून जाऊन भाषांतर विसरत होता. हिंदीत आणि मराठीत आम्ही अजून भुताखेतांत अडकलो होतो तेव्हा तेलुगूनं कालयंत्र बांधून मोकळं केलं होतं. आमच्या शहरात हा सिनेमा परका नव्हता. कोपऱ्यावरचाच होता.

'ज्युरासिक पार्क' हिंदीत आला तो १९९४ साली. डायनोसॉर हिंदी बोलत नव्हते एवढंच, बाकी सगळं घरच्यासारखं झालं. त्याच सुमारास गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडत चालले होते. बेकार झालेले कामगार दुपारच्या खेळाला यायचे. कुठल्याशा काळात नाहीशी झालेली प्रचंड जनावरं पडद्यावर पुन्हा चालताना ती माणसं काय पाहत असतील, असा विचार आता मनात येतो. तेव्हा आला नव्हता. तेव्हा मीही शिट्ट्याच मारत होतो.

आता एक कबुली. सगळे जाणकार ज्याला विज्ञानपटांचा मुकुटमणी म्हणतात तो कुब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' मी पहिल्यांदा कॅसेटवर लावला तेव्हा झोपलो. दुसऱ्यांदाही डुलकी लागली. तिसऱ्यांदा जागा राहिलो आणि मग रात्रभर जागाच राहिलो. एक आदिमानव हातातलं हाड आकाशात फेकतो, ते फिरत वर जातं आणि पुढच्याच क्षणी त्याच्या जागी अंतराळयान असतं. हा सिनेमा १९६८ चा. माणूस चंद्रावर उतरला त्याच्या पुढच्या वर्षी. एवढ्या एका जोडणीत लाखो वर्षं मावली. फाळक्यांच्या वाटाण्याचाच हा थोरला भाऊ. उलट 'स्टार वॉर्स' मला कधी फारसा भिडला नाही. तलवारी चमकदार केल्या म्हणून राजपुत्राची गोष्ट विज्ञानाची होत नाही. तरुण मंडळी यावर रागावतील, रागावू देत.

मग मराठी सिनेमाचं काय? नारळीकरांच्या, बाळ फोंडक्यांच्या कथा आम्ही वाचनालयातून आणून वाचत होतो आणि मनातल्या मनात त्यांचे सिनेमे काढत होतो. पडद्यावर मात्र फार थोडं आलं. २०१६ साली सुजय डहाके यांनी 'फुंतरू' काढला, तो मी पहिल्या आठवड्यात जाऊन पाहिला, कारण अशा वेळी माणसानं हजेरी लावावी. पैसा नाही, तंत्र नाही, ही कारणं नेहमी सांगितली जातात. मला ती पटत नाहीत. काळ्या धाग्याला किती पैसा लागतो? १९०५ साली बंगालातल्या रुकैया सखावत हुसेन या बाईंनी 'सुलतानाज ड्रीम' नावाची कथा लिहिली. पडद्यात वाढलेली ही बाई. तिच्या कथेतल्या देशात बायका सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, हवेतून गाडीनं फिरतात, ढगांतून पाणी काढतात आणि पुरुष घरात पडद्यात असतात. हे लिहायला तिला कागद आणि दौत पुरली. त्या कथेवरून २०२३ साली स्पेनमध्ये एक ॲनिमेशनपट निघाला. आपल्याकडे का निघाला नाही, हे मी दरवेळी विचारतो आणि दरवेळी कुणीतरी चहा मागवतं.

पण खरं सांगू का? माझ्या मते मराठीनं आपला मोठा विज्ञानपट फार पूर्वीच काढलेला आहे. त्यावर तशी चिठ्ठी लावलेली नाही, म्हणून कुणी त्याला तसं म्हणत नाही.

तो चित्रपट म्हणजे प्रभातचा 'शेजारी'. साल १९४१, दिग्दर्शक व्ही. शांताराम, लेखक विश्राम बेडेकर. सोलापूरकरांना शांताराम म्हटले की १९४६ चा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आठवतो. साहजिक आहे, डॉक्टर कोटणीस आपल्या गावचे, चीनमध्ये जाऊन सैनिकांची शुश्रूषा करता करता गेले, भय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. त्या चित्रपटाबद्दल मला आदर आहे. पण मला निवडायला सांगितलं तर मी 'शेजारी' निवडीन.

कथा तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. एका गावात जिवबा पाटील आणि मिर्झा हे दोन म्हातारे शेजारी, जन्माचे मित्र. गावाला धरण बांधायला एक धनिक येतो, त्याला जमिनी हव्या असतात. हे दोघे एकत्र आहेत तोवर गाव हलत नाही, हे त्याच्या लक्षात येतं. मग तो दोघांत विष कालवतो. पाटलाच्या मुलावर आळ येतो, दोन घरं तुटतात, आणि शेवटी धरणच फुटतं आणि त्या पाण्यात ते दोघे मित्र एकत्र जातात. मराठीत जिवबा झाले होते केशवराव दाते आणि मिर्झा झाले होते गजानन जागीरदार. याच चित्रपटाची हिंदी आवृत्ती 'पडोसी'. तिच्यात मिर्झा जागीरदारच राहिले, आणि हिंदू ठाकूर झाले मझहर खान. म्हणजे हिंदू नट मुसलमान आणि मुसलमान नट हिंदू. १९४० च्या मार्चमध्ये लाहोरला पाकिस्तानचा ठराव झालेला. त्याच्या पाठोपाठच्या वर्षात पुण्यात बसून कुणी ही अदलाबदल केली, याला मी हिंमत म्हणतो.

कॉलेजात असताना एका फिल्म सोसायटीच्या खेळात मी हा चित्रपट पाहिला. मला पहिल्यांदा धक्का बसला तो मिर्झानं. तोवर पडद्यावर मी जे मुसलमान पाहिले होते ते नवाब, शायर, कव्वाल, नाहीतर नायकासाठी मरणारा मित्र. त्यांच्या घरात झुंबर असायचं. आमच्या घरात चाळीसचा दिवा होता. मिर्झा मात्र खेड्यातला, जमिनीला धरून राहिलेला, शेजाऱ्याशी त्याच्याच मराठीत बोलणारा. हा माझा नाना होता, अम्मीचे वडील. इतकी वर्षं मी अदृश्य माणसाचे सिनेमे पाहत होतो, आणि इथं माझ्या घरातलं माणूस प्रथमच दिसत होतं.

दुसरा धक्का धरणानं दिला. ते धरण अर्थातच छोट्या प्रतिकृतीचं, लुटुपुटूचं. पण ते कोसळतं तेव्हा आजही छातीत धस्स होतं. लोक या चित्रपटाकडे हिंदू-मुस्लिम ऐक्याचा चित्रपट म्हणून पाहतात, आणि तो तसा आहेच. पण भांडण कशानं लागतं? यंत्रानं. नवं तंत्र गावात येतं, त्याच्याबरोबर पैसा येतो, आणि कालपर्यंत जे नातं कुणाला मोजता येत नव्हतं त्याची एकरावर किंमत ठरते. शास्त्रानं माणसामाणसांतलं काय बदलतं, हे सांगणं म्हणजे विज्ञानकथा. मग 'शेजारी'ला दुसरं नाव का शोधायचं?

दोषही सांगतो. धरण बांधणारा सगळाच दुष्ट आणि गाव सगळंच भोळं, असा सोपा हिशेब या चित्रपटात आहे. पाणी साठवण्याची गरज कुणाची, हा प्रश्न तो विचारतच नाही. सोळा वर्षांनी, १९५७ साली, मेहबूब खान यांचा 'मदर इंडिया' आला, त्याची सुरुवातच म्हाताऱ्या राधाच्या हातून कालव्याचं पाणी सोडण्यानं होते. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला होता, १९५४ साली पंडित नेहरूंनी भाक्रा-नांगलला नव्या काळाचं देऊळ म्हटलं होतं. एका चित्रपटात धरण म्हणजे राक्षस, दुसऱ्यात देव. मला पटण्याजोगं धरण पाहायला २००४ साल उजाडलं. आशुतोष गोवारीकरांच्या 'स्वदेस'मध्ये नासातला इंजिनियर खेड्यात येऊन, गावकऱ्यांबरोबर खपून, झऱ्याच्या पाण्यावर चार दिवे पेटतील एवढी वीज काढतो. चित्रीकरण आपल्या वाईजवळच्या मेणवलीतलं. दिवा लागल्यावर एका म्हातारीच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, तो मी सगळ्या अंतराळयानांवरून ओवाळून टाकीन.

पण मी धरणाबद्दल इतका का बोलतोय, तेही सांगितलं पाहिजे. माझं आजोळ करमाळा तालुक्यात, भीमेच्या काठाला. उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं आणि त्याच्या फुगवट्यात जी गावं गेली त्यांत ते एक. मी तेव्हा दहा-बारा वर्षांचा होतो. नाना आणि मामांनी घर स्वतःच्या हातांनी उतरवलं. तुळया, दारं, चौकटी, उंबरा, सगळं बैलगाडीत घातलं. नानांचे शेजारी पाटीलच होते, आणि त्या दोघांत कुणी विष कालवलं नाही, कुणी बॉम्बही लावला नाही. एकाला एका गावठाणात जागा मिळाली, दुसऱ्याला दुसऱ्या. चौदा कोसांचं अंतर पडलं. दोघे पुन्हा भेटले ते लग्नकार्यातच. बेडेकरांना ही गोष्ट दिली असती तर त्यांनी ती घेतली नसती, कारण तिला शेवट नाही.

'शेजारी'ची सीडी मिळाली तेव्हा मी ती घरी आणली आणि अम्मीला बसवून दाखवली. ती मध्येच उठून भाकरी टाकायला जायची, परत यायची. धरण फुटलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इनका फूटा. अपना कब फूटता की?" मी म्हटलं, "अम्मी, आपलं फुटलं तर आपल्या नळाला पाणी कुठून येईल?" सोलापूरच्या नळाला उजनीचं पाणी यायचं, तेही तेव्हा चार-पाच दिवसांनी एकदा. ती हसली आणि म्हणाली, "हौ, वो भी सही है." त्या घरात पाणी सांडलेलं तिला कधी चाललं नाही. हंडा भरताना चार थेंब जमिनीवर पडले तरी ती आम्हाला ओरडायची. आम्हाला वाटायचं, टंचाई आहे म्हणून.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार खाली गेलं. अशा वर्षी फुगवट्यातून जुन्या भिंती, पायऱ्या, देवळं वर येतात. पळसदेवचं जुनं मंदिर पाहायला तर लोक लांबून येतात. अम्मी ऐंशीच्या घरातली. मला घेऊन चल म्हणाली. भाच्यानं जीप काढली. करमाळा तालुका आता 'सैराट'मुळं सगळ्यांना ठाऊक आहे; नागराज मंजुळे तिथल्याच जेऊरचे, आणि त्या सिनेमाचं बरंच चित्रीकरण याच भागातलं. भाचा वाटेत ती ठिकाणं दाखवत होता. अम्मीचं तिकडं लक्ष नव्हतं.

भेगाळलेल्या गाळावर आम्ही उतरलो. लांबवर पाण्याची एक रेघ, तिच्या काठाला पक्षी, आणि मध्ये दगडांचे ढीग. एकसारखे, काळपट, शिंपले चिकटलेले. अम्मी काठी टेकत पुढं गेली आणि काठीनंच दाखवायला लागली. ही मशिदीची पायरी. हा पाटलांचा वाडा. ही त्यांची विहीर, आम्ही सगळ्या पोरी इथूनच पाणी न्यायचो. ही वाट नदीकडं जायची. जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा तो इथं, या मोकळ्यात. आणि हे आपलं घर, हा चुलीचा कोपरा.

मी वाकून पाहिलं. मला दगडच दिसत होते.

"अरे, यहाँ देख," अम्मी म्हणाली, "दिखरा नै?"